टेबल किती मोठे असावे?

प्रस्तावना

पंगत मांडताना अनुभवी माणूस केवळ पाने मोजत नाही. दोन ओळींमधून वाढप्याला भांडे घेऊन जाता येईल का, हे तो आधी पाहतो. अनेकांनी मिळून काम करण्याच्या जागेलाही हाच नियम लागू पडतो. अभ्यासिका, बचत गटाची खोली, शिवणवर्ग किंवा भागीदारीतील कार्यालय येथे टेबल ही सर्वांची सामाईक वस्तू असते. तिचे माप चुकले, तर ती चूक रोज सोसावी लागते. म्हणून हे माप कसे ठरवावे, ते या पाठात समजून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• काम, माणसे आणि वाट यांवरून टेबलाचे माप ठरवू शकाल;
• टेबल घेण्यापूर्वी ते माप जागेवर पडताळून पाहू शकाल.

मूळ पाठ

१. आधी काम पाहावे

जयपूरच्या दक्षिणेकडील सांगानेर हे गाव ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांत छपाईची टेबले अतिशय लांब असतात. साडीची लांबी साधारण साडेपाच मीटर असते. ती सलग पसरता यावी, एवढे लांब टेबल लागते. कारागीर उभ्याने छापत टेबलाच्या कडेने पुढे सरकतो आणि रंगाची गाडी सोबत सरकवतो. तेथे टेबलाची लांबी कापडाने ठरवली, तर रुंदी कारागिराच्या हाताच्या पोचेने. लिहिण्यावाचण्याचे काम बसून होते, त्यामुळे त्याचे माप वेगळे असते.

२. मग माणसे मोजावीत

सांगानेरच्या जवळच जगतपुरा हे जयपूरचे वाढते उपनगर आहे. समजा, तेथे सहा स्त्रियांच्या एका बचत गटाने गोटा-पट्टीचे काम आणि हिशेब यांसाठी सोळा फूट लांब व बारा फूट रुंद खोली भाड्याने घेतली. त्यांना एकच टेबल करायचे आहे. प्लायवूडचा पूर्ण तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद मिळतो. या मापाच्या टेबलाच्या प्रत्येक बाजूस तिघी बसल्या, तर प्रत्येकीला सुमारे २ फूट ८ इंच जागा मिळते. चौघी बसल्या, तर २ फूटच उरतात आणि कोपराला कोपर लागते.

रुंदीचेही कारण आहे. बसलेल्या माणसाचा हात सहजपणे सुमारे दोन फुटांपर्यंत पोचतो. समोरासमोर दोघी बसल्या, की चार फूट पुरतात. त्याहून रुंद टेबलाच्या मध्यभागी ठेवलेली वस्तू घेण्यासाठी उठावे लागते.

३. शेवटी वाट मोजावी

टेबल खोलीच्या मध्यभागी ठेवले, तर चारही बाजूंना चार-चार फूट उरतात. खुर्चीवर बसण्यास सुमारे अडीच फूट लागतात. उरलेल्या दीड फुटातून दुसरी व्यक्ती अंग चोरून का होईना, जाऊ शकते. आता कोणी म्हणेल, “टेबल मोठे असलेले बरे. दहा फूट लांब व पाच फूट रुंद करू.” मग दोन्ही लांब बाजूंना साडेतीन फूटच राहतील. भिंतीकडे बसलेलीला बाहेर पडायचे, तर शेजारणींना उठावे लागेल. वरवर ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु जिला रोज ‘जरा सरकता का?’ असे विचारावे लागते, ती हळूहळू येण्याचे टाळू लागते. जागा सर्वांची असूनही तिची राहत नाही.

चाकांच्या खुर्चीसाठी तर सुमारे तीन फूट मोकळी वाट हवी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने सुगम्यतेला कायद्याचा आधार दिला आहे. आपल्या उदाहरणात टेबलाच्या टोकाची जागा अशा सदस्येसाठी राखता येईल. मात्र त्या टोकाला टेबलाखाली आडवी पट्टी नसावी आणि दारापासून तेथपर्यंतच्या वाटेत खुर्च्या ठेवू नयेत.

४. जागेवर पडताळावे

सुताराला माप सांगण्यापूर्वी जमिनीवर खडूने टेबलाची आकृती काढावी. भोवती खुर्च्या मांडून सर्वांनी बसावे आणि एकीने पाण्याचा तांब्या घेऊन सर्वांच्या मागून फिरावे. कोणालाही न उठवता ती फेरी पूर्ण करू शकली, तर माप योग्य समजावे. टेबल दारातून व जिन्यातून आत जाईल का, हेही पाहावे. जात नसेल, तर प्रत्येकी चार फूट लांब-रुंद अशी दोन टेबले करून जोडावीत. मात्र जोडावर बसणारीच्या गुडघ्यांना टेबलांचे पाय लागू नयेत, म्हणून ते आत घेण्यास सुताराला आधीच सांगावे.

पाठगत प्रश्न

१. सांगानेरमध्ये छपाईचे टेबल लांब का असते?
२. पाच फूट रुंदीच्या टेबलामुळे कोणती अडचण निर्माण होईल?

तुम्ही काय शिकलात?

• टेबलाचे माप काम, माणसे आणि वाट या क्रमाने ठरवावे.
• सामाईक जागेत सर्वांत अडचणीच्या जागी बसणाऱ्याची सोय आधी पाहावी.

स्वाध्याय

१. कारणे द्या : बसून काम करण्याचे टेबल चार फुटांहून रुंद नसावे.
२. तुमच्या परिसरातील अभ्यासिका किंवा बचत गटाची खोली मोजा. तेथील टेबल योग्य आहे का, ते आठ-दहा ओळींत लिहा.
३. ‘अंग चोरणे’ या वाक्प्रचाराचा पाठातील अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.