डोळे मिटल्यावर काय दिसते?

शब्बाथशाळेत धडा शिकविताना आपण शिक्षक एक वाक्य हमखास वापरतो : "मुलांनो, डोळे मिटा आणि हा देखावा डोळ्यांपुढे आणा." मीही ते वीस वर्षे वापरीत आलो. गेल्या पावसाळ्यात मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा धडा होता. मी मुलांना डोळे मिटावयास सांगितले आणि कोणाची होडी कशी आहे असे विचारले. एकाची निळी होती. एका मुलीची डाव्या अंगास कलली होती. मागच्या बाकावरचा दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "सर, मला काहीच दिसत नाही. नुसता काळोख आहे."

मी त्याच्यावर रागावलो. "दिसायचे कशाला? कल्पना करायची! बाकीच्यांना काय खरेच दिसते आहे?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग ती कललेल्या होडीची मुलगी म्हणाली, "हो सर, दिसते ना. तिच्या कडेला दोर गुंडाळून ठेवला आहे."

वर्ग सुटल्यावर मी एकेकास विचारले. कोणास स्पष्ट, कोणास अंधुक, पण सर्वांना दिसत होते. त्या मुलास व मला मात्र नाही. मला आजवर कधीच काही दिसलेले नाही. "डोळ्यांपुढे आणा" ही नुसती बोलण्याची रीत आहे, "पोटात कावळे ओरडतात" म्हणतो तशी, असे मी शेहेचाळीस वर्षे समजत होतो. मुले निळी होडी सांगत तेव्हा ती मनाने रचून सांगतात असे मला वाटे. आपली भाषाच अशी आहे की हा फरक तीत झाकून जातो. "तो प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला" असे मीही उपदेशात कितीदा म्हटले असेल. म्हणणारा व ऐकणारा यांच्या मनात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

त्या रात्री मी पत्नीस आमच्या लग्नाच्या दिवसाविषयी विचारले. तिने डोळे मिटले आणि माझ्या कोटाचा रंग, पाळकसाहेबांच्या चष्म्याची तुटकी काडी, मंडपाच्या कोपऱ्यात ठेवलेला पाण्याचा पिंप, सर्व पाहून सांगितल्यासारखे सांगितले. मग ती थबकून म्हणाली, "अहो, म्हणजे आईंचा चेहरासुद्धा तुम्हाला दिसत नाही?"

दिसत नाही. माझी आई प्रभूमध्ये निजली त्यास बारा वर्षे झाली. तिच्या उजव्या भुवईवर व्रण होता, अंबाडा ती फार घट्ट बांधीत असे, हसताना तोंडापुढे पदर धरीत असे. हे मला पाठ आहे, पण चित्र म्हणून काही नाही. ती गेली तेव्हा भेटावयास आलेली माणसे म्हणत, "डोळे मिटले की त्या समोर उभ्या राहतात." मी मान हलवी. पुढे माझ्या मनाने घेतले की मजमध्येच काही प्रेमाची उणीव आहे. आणखी एक ओझे होते. एका प्रार्थनाशिबिरात आम्हांस वधस्तंभ मनश्चक्षूंपुढे आणावयास सांगितले गेले. सभोवतालची माणसे रडत होती, मजपुढे काळोख होता. माझे अंतःकरण कठीण आहे असे मी ठरविले, आणि कोणास सांगितले नाही.

आता ह्या विषयाची माहिती पाहू, कारण ती बरीच जुनी आहे. इंग्लंडातील फ्रान्सिस गाल्टन (चार्ल्स डार्विन यांचे नातलग) यांनी १८८० साली एक प्रश्नपत्रिका प्रसिद्ध केली. आज सकाळी आपण ज्या टेबलाशी न्याहारी केली ते आठवा. चित्र उजळ आहे की मंद, कडा स्पष्ट आहेत का, रंग दिसतात का, असे तिचे प्रश्न होते. त्यांनी प्रथम विद्वान शास्त्रज्ञांस विचारले, तेव्हा त्यांतील पुष्कळांनी उत्तर दिले की असे चित्र म्हणून काही नसते, ती केवळ अलंकारिक भाषा होय. हे वाचून मला हसूही आले व धीरही आला. पुढे साध्या स्त्रीपुरुषांनी व मुलांनी आपणांस स्वच्छ दिसते असे सांगितले. (सर्वच शास्त्रज्ञ असे असतात असे मात्र नंतरच्या संशोधकांस आढळलेले नाही.)

ह्यानंतर शतकाहून अधिक काळ ह्या बाबीकडे फारसे कोणी वळले नाही. २०१० साली अ‍ॅडम झेमन ह्या मेंदूविकारतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पासष्ट वर्षांच्या निवृत्त सर्व्हेअरची हकिकत प्रसिद्ध केली. हृदयाच्या रक्तवाहिनीवर उपचार झाल्यानंतर ह्या गृहस्थांची मनश्चित्रे एकाएकी नाहीशी झाली होती. तरी वळवून दाखविलेल्या दोन आकृती एकच आहेत की निराळ्या, हे ते बिनचूक सांगत. ही हकिकत एका मासिकात आली, तेव्हा अनेकांनी कळविले की आम्ही जन्मापासूनच असे आहोत. अशा एकवीस जणांवरून २०१५ साली झेमन यांनी ह्या अवस्थेस "अफँटेशिया" हे नाव दिले. अ‍ॅरिस्टॉटल मनातील प्रतिमेच्या शक्तीस "फँटेशिया" म्हणे, तिचा अभाव तो अफँटेशिया. २०२२ च्या एका अभ्यासानुसार शंभरांत सुमारे एकास मनश्चित्र अजिबात दिसत नाही, आणि अगदी अंधुक दिसणारे धरले तर शंभरांत जवळजवळ चार जण होतात. म्हणजे मध्यम आकाराच्या मंडळीत दर रविवारी असे काही जण आपल्यासमोर बसलेले असतात.

हा रोग नव्हे. त्या एकवीस जणांपैकी बहुतेकांना स्वप्नांत चित्रे दिसत. (मलाही स्वप्न पडते, पण जागे झाल्यावर त्यातले काही पाहता येत नाही.) बुद्धी किंवा कल्पकता ह्यामुळे कमी होते असेही नाही. पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेचे एक संस्थापक एड कॅटमल यांनी २०१९ साली आपण असेच असल्याचे सांगितले. "लिटिल मरमेड" ह्या १९८९ च्या चित्रपटातील एरियल रेखाटणारे ग्लेन कीन यांचेही तेच.

कोणी म्हणेल, ही माणसे उगाच तसे सांगत असतील. त्यासाठी केलेल्या दोन परीक्षा विचार करण्याजोग्या आहेत. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अंधाऱ्या खोलीत लोकांस भीतिदायक गोष्टी वाचावयास दिल्या व त्वचेवरील घामाचे मोजमाप घेतले. इतरांचे शरीर घाबरले, अफँटेशिया असलेल्यांचे जवळजवळ स्थिर राहिले. पण भयानक चित्रे प्रत्यक्ष दाखविताच दोघेही सारखेच घाबरले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. शिबिरातील माझे कोरडे डोळे मला त्या दिवशी समजले. अंतःकरण कठीण नव्हते; इतरांस जे दिसले ते मला दाखविलेच गेले नव्हते.

दुसरी परीक्षा शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. तीही २०२१ चीच. लोकांस खोल्यांची छायाचित्रे दाखवून नंतर आठवणीने काढावयास सांगितले. अफँटेशिया असलेल्यांच्या चित्रांत वस्तू कमी होत्या, रंगही कमी. परंतु काढलेल्या वस्तू योग्य जागी व योग्य मापाच्या होत्या, आणि जे मूळ चित्रात नव्हते ते त्यांनी इतरांपेक्षा कमी घातले. म्हणजे काय कसे दिसत होते ही आठवण दुबळी असली तरी काय कोठे होते ही आठवण शाबूत असते.

मनन व प्रार्थनेतही चित्र हा एकच मार्ग मानू नये. प्रसंगाची जागा कल्पनेच्या डोळ्यांनी पाहावी अशी पद्धत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापलेल्या पुस्तकात आहे, आणि अनेकांना तिचा लाभ झाला आहे. ती वाईट असे मी म्हणत नाही. पण ती चालविणाऱ्याने "ज्यांस काही दिसत नाही त्यांनी तो उतारा हळूहळू वाचावा" एवढे म्हटले असते, तर माझी पुष्कळ वर्षे वाचली असती. मला शब्दांतून भरून येते. आईचे पत्र वाचताना येते. तिचा फोटो आता मी पाकिटात ठेवतो. पूर्वी असे करणे मला कमीपणाचे वाटे.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाची सर्व वर्गापुढे क्षमा मागितली व मलाही काळोखच दिसतो असे सांगितले. तो एवढेच म्हणाला, "तुम्हालापण, सर?" मग आम्ही तोच धडा पुन्हा घेतला. १९८६ साली दुष्काळाने गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा काठच्या चिखलात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक मासेमारीची होडी सापडली. ती प्रभूचीच होडी असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये, पण ती त्या काळची व त्या सरोवरातली आहे. लांबी सुमारे २७ फूट, रुंदी साडेसात फूट. बाके भिंतीशी सारून त्या मुलाने टेपने माप घेतले व मुलींनी खडूने फरशीवर होडी काढली. तीत आम्ही चौदा मुले बसविली.

"सर, प्रभू कोठे निजला होता?" त्याने विचारले. मागच्या बाजूस, असे मी सांगितले. त्याने तेथे एका माणसाच्या लांबीची जागा आखली, तेव्हा त्या जागी बसलेल्या तिघांना उठून पुढे सरकावे लागले.