चोर नसलेली केस

धुळे, 14 सप्टेंबर

चि. वैशाली,


इंजिनिअरिंगच्या मुलांना नीतीचा पेपर शिकवायचं गळ्यात पडलं म्हणून कुरकुरतेस. नव्या मास्तरणीकडेच तो येतो, जुन्यांना नको असतो. पण आलाय तर नीट शिकव.

उद्या अभियंता दिन, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार पडेल. नोकरीच्या सुरुवातीला ते आपल्या साक्री तालुक्यात होते, दातर्तीला त्यांनी सायफन बांधला, हे मुलांना सांग. पावसाळ्यापुरतं काम थांबवू द्या, असं त्यांनी साहेबाला लिहून कळवलं होतं. साहेबाला ते रुचलं नाही, हेही सांग.

तू पानशेतच्या धरणफुटीपासून सुरुवात करणार म्हणालीस. 1961 ची ती केस मोठीच, पण मुलं लगेच विचारतात, पैसे कुणी खाल्ले? चोर सापडला की ती निवांत होतात. आपण थोडेच चोर आहोत! म्हणून आधी चोर नसलेली केस घे. ती तुझ्या जिल्ह्यातच आहे, पाचोऱ्याजवळ परधाड्याला.

22 जानेवारी 2025. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, कुणीतरी साखळी ओढली, गाडी थांबली. मिळेल त्या दारानं माणसं उतरली, काही शेजारच्या रुळावर. त्यावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. तिथे वळण आहे, लांबचं दिसत नाही. किमान 12 जण गेले.

आता फळ्यावर मांड: साखळी चालली. पुष्पकच्या ड्रायव्हरनं इशाऱ्याचा दिवा, फ्लॅशर, लावला. समोरच्यानं ब्रेकही मारले. मग चुकलं काय? वर्ग म्हणेल, लोकच अडाणी. तिथेच त्यांना अडव. घाबरलेला माणूस हाही डिझाईनमधला भार आहे, पुलावरच्या ट्रकसारखा. तो धरला नसेल तर हिशेब अपुरा. कुठल्या बाजूनं उतरायचं हे डब्यात कोण सांगणार होतं? शेजारची लाईन थांबवायचा निरोप किती वेळात पोचतो? ताशी 100 किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर कापते. गणित त्यांनाच करू दे.

परीक्षेत व्याख्या विचारू नकोस. वरिष्ठाला एक पानी पत्र लिहायला लाव: धोका कुणाला, कशामुळे, काय करायचं, कधीपर्यंत. गुळमुळीत लिहिलं तर मार्क काप. खाली सही हवीच.

वर्ग परधाड्याला न्यायचा झाला तर आधी रेल्वेची परवानगी काढ, आणि एकालाही रुळांकडे फिरकू देऊ नकोस.

तुझा,
नानामामा