तेर गावची खापरं

आम्ही एस. टी.नं तेरला उतरलो. हे गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी आहे. गर्दी नाही, गडबड नाही. पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "कोण गावचं पाव्हणं?"

आधी गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं. संत गोरा कुंभार याच गावचे. नंतर त्रिविक्रमाचं देऊळ पाहिलं. ते विटांचं आहे, फार जुनं आहे.

तेरचं जुनं नाव तगर. सुमारे २००० वर्षांपूर्वी इथं मोठी पेठ होती. इथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदरात जाई. तिथून ते जहाजानं परदेशी जाई. हे आपल्याला कसं कळलं? कुणीतरी ग्रीक भाषेत लिहून ठेवलं, म्हणून कळलं.

इथल्या मातीतूनही जुनी नाणी, मणी, खापरं निघाली. दुसऱ्या कुणाला तो कचरा वाटला असता. पण गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती वेचून जपली. आज गावात त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे.

तिथं आमच्यातल्या एका मावशी कपाटापाशी थांबल्या. एकेक अक्षर लावून त्यांनी चिठ्ठी वाचली, "मा-ती-ची बा-हु-ली." गेल्या साली त्या अंगठा उठवत होत्या. आम्ही सारे गप्प राहून ऐकत होतो.

शेतात नांगराला जुनी वस्तू लागली, तर ती विकू नका, वितळवू नका. तलाठ्याला कळवा.

सांगा पाहू :
१. तेरचं जुनं नाव काय?
२. तेरचं कापड कोणत्या बंदरात जाई?
३. तुमच्या गावात जुनं काय आहे? दोन ओळी लिहा.