गणपती गेले, दिवाळी गेली, लाद्या अर्ध्याच

प्रश्न : जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन बेडरूमच्या फ्लॅटचं काम काढलं. घरभर नव्या लाद्या, दोन न्हाणीघरं आणि स्वयंपाकघर, मालासकट 4 लाख 20 हजार रुपये ठरले. लेखी करार नाही. ‘गणपती नव्या लादीवरच बसवा’ असा ठेकेदाराचा व्हॉट्सॲपवर निरोप मात्र आहे. आम्ही 22 हजार रुपये भाड्याच्या घरात राहायला गेलो, हे त्यांना ठाऊक होतं. आता नोव्हेंबरचा मध्य आला. एक न्हाणीघर आणि स्वयंपाकघर अर्धवट आहे, हॉलचे सांधे भरायचे राहिलेत. 3 लाख 20 हजार देऊन झालेत. मधे आम्हीही टाइल्स बदलल्या, त्यात पंधरा दिवस गेले. आता ते म्हणतात, ‘माल आणायला 50 हजार द्या, सोमवारी मिस्त्री पाठवतो.’ पैसे द्यावेत का? दिवसाला हजार रुपये दंड कापता येईल का? दुसरा माणूस लावला तर आम्हीच अडकू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 50 हजार देऊ नका. तीन-चतुर्थांशाहून जास्त रक्कम तुमच्या हातून गेली आहे. उरलेले एक लाख हीच आता तुमच्या हातातली दोरी आहे. माल आणायचाच असेल तर तो तुम्ही स्वतः दुकानातून घ्या, बिल आपल्या नावावर करा आणि ती रक्कम हिशोबात वळती करा.

आता मूळ मुद्दा, उशीर झाला हे ठरवायचं कशावरून? भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 46 नुसार मुदत ठरलेली नसेल तर काम ‘वाजवी वेळेत’ व्हावं लागतं, आणि वाजवी म्हणजे किती, ते कामाच्या स्वरूपावर ठरतं. एका न्हाणीघराला तोडफोड, झिऱ्या मारून पाइप टाकणं, वॉटरप्रूफिंग, भिंतीच्या आणि खालच्या लाद्या, सांधे असं सगळं धरून साधारण 12 ते 15 दिवस लागतात. मोकळ्या खोलीत एक मिस्त्री आणि एक बिगारी दिवसाला 80 ते 100 चौरस फूट लादी बसवतात. तुमच्या घराचं काम एकाच टोळीनं केलं तरी दोन महिन्यांत आटोपायला हवं होतं.

पण तुम्हाला त्या वाजवी वेळेच्या वादात शिरायचीही गरज नाही. ‘गणपती नव्या लादीवरच’ ही मोघम मुदत नव्हे. 2025 चं कॅलेंडर उघडलं की 27 ऑगस्ट ही तारीख सापडते. करार तोंडी असला तरी तो करारच असतो, आणि मुदतीचा पुरावा तुमच्या फोनमध्ये आहे. ते चॅट पुसू नका, फोन विकू नका. प्रकरण पुढे गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडून ते दाखल करता येतं.

दिवसाला हजाराचा दंड मात्र कापता येणार नाही, कारण तसं ठरलेलंच नव्हतं. ठरलं असतं तरी करार कायद्याच्या कलम 74 खाली ती कमाल मर्यादा धरली जाते, तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. तुमचा खरा दावा कलम 73 चा, म्हणजे प्रत्यक्ष नुकसानीचा. भाड्याची गोष्ट ठेकेदाराला आधीपासून माहीत होती, म्हणून भाडं मागता येतं. पण जूनपासून नाही, मुदत उलटल्यानंतरचंच. ते सुमारे अडीच महिने. त्यातून टाइल्स बदलण्यात तुमच्यामुळे गेलेले पंधरा दिवस आपणहून वजा करा. उरले दोन महिने, 44 हजार रुपये. आपली चूक आपणच मांडली की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

दुसरा माणूस लावता येईल, पण आजच्या आज नको. आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्या : कोणतं काम बाकी, कधीपर्यंत हवं, न झाल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन जादा खर्च वसूल करू. मुदत संपली की घराला हात लावण्यापूर्वी खोलीनिहाय फोटो, मापं आणि उरलेल्या मालाची यादी करा. शक्य झाल्यास एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून अहवाल घ्या. नव्या मिस्त्रीनं पहिली लादी उखडली की जुन्या कामाचा पुरावाही डेब्रिसच्या गोणीत जातो. उरलेल्या कामाला समजा 1 लाख 45 हजार लागले, तर त्यातले एक लाख तुम्ही तसेही देणार होता. दावा फक्त वरच्या 45 हजारांचा.

एका ठिकाणी मात्र तुम्ही स्वतः घाई करू नका. न्हाणीघरात वॉटरप्रूफिंगनंतर नाहणी ट्रॅपचं तोंड बंद करून दोन-तीन दिवस पाणी धरून ठेवायचं आणि खालच्या फ्लॅटचं छत तपासायचं. हे दिवस उशिरात मोजू नका. कारण गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार न्हाणीघर-संडासातून खाली होणाऱ्या गळतीचा खर्च सोसायटी नव्हे, सभासद सोसतो.

ठेकेदार नोटिशीला बधला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ही सेवेतली त्रुटी ठरते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मग तुम्ही राहता त्या ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येईल. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे ठेकेदार भाड्याचे 44 आणि जादा खर्चाचे समजा 45 मिळून होणाऱ्या 89 हजारांतली मोठी रक्कम शेवटच्या हिशोबात सोडायला तयार असेल, तर लेखी तडजोड करून मोकळं व्हा.

पुढच्या वेळी हप्ते तारखेला नको, टप्प्याला बांधा. पाणी धरून गळती नाही हे दिसल्यावर एक हप्ता, लाद्या बसल्यावर दुसरा, आणि शेवटची दहा-पंधरा टक्के रक्कम सांधे भरून, नळ बसवून, राबिट उचलल्यावर.

राहिला सोमवार. करार कायद्याचं कलम 55 सांगतं की वेळ हाच कराराचा गाभा असताना उशिरा केलेलं काम तुम्ही गुपचूप स्वीकारलंत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच तसं कळवलेलं असावं लागतं. म्हणून मिस्त्री येण्यापूर्वी एवढंच पाठवा : ‘काम करू देत आहोत, पण 27 ऑगस्टनंतरच्या उशिराच्या भरपाईचा आमचा हक्क राखून ठेवत आहोत.’ दोन निळ्या खुणा आल्या की स्क्रीनशॉट घ्या, आणि मग दार उघडा.