आजचे चिंतन : अभय आणि दया
वाचन : भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ३

दैवी गुणांच्या या यादीत पहिलं अभय, आणि पुढच्याच श्लोकात दया. वाचताना मला नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव आठवतात.

९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. भर गोळीबारात त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत जाऊन, हाताला जखम झाली तरी, शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पहिल्या जखमीला पोचवल्यावर ते स्वतःही वाचले होते. तरी दुसऱ्यासाठी पुन्हा पाण्यात उतरले. मला वाटतं, दयेनेच त्यांना अभय दिलं.

आज आपलं कुणी पलीकडच्या काठावर अडकलंय का, एवढं पाहू या.