बिघडलेला घाणा फेकू नकोस

ऑलिव्ह तेलाचा साबण करणार म्हणतेस, तर कॉस्टिकच्या आधी तेलाच्या बाटलीमागचं बारीक अक्षर वाच. आपल्या पैठणात हे तेल बाळाच्या मालिशीचं म्हणून मेडिकलवर चटकन सापडतं. पण मालिशीच्या काही बाटल्यांत ऑलिव्ह नावाला आणि बाकी लिक्विड पॅराफिन असतं. खनिज तेलाचा साबण होतच नाही. रात्रभर घोटलंस तरी तेल वर आणि खार खाली. ‘ब्लेंडेड’ लिहिलेल्या डब्यात राइस ब्रॅन किंवा दुसरं तेल मिसळलेलं असतं. त्याचा साबण होतो, पण हिशेब बदलतो. एक्स्ट्रा व्हर्जिनवर पैसे घालवू नकोस. चोथ्यातून काढलेलं पोमेस तेल स्वस्त पडतं, साबणाला उत्तम, आणि बहुधा दाटही लवकर येतं.

वहिनी म्हणतील, घरात करडई असताना हे थेर कशाला? त्यांना सांग, साध्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं. ते हवेनं लवकर खवटतं, आणि साबण सहा महिन्यांत पिवळे ठिपके धरून कुबट वास मारतो. ऑलिव्हमध्ये ओलेइक जास्त, म्हणून तो टिकतो. करडई दहाव्या हिश्शापर्यंत घाल, हरकत नाही. खोबरेल मात्र थोडं घालच. नुसत्या ऑलिव्हला फेस कमी येतो, आणि आपल्या बोअरच्या जड पाण्यात तर येतच नाही म्हण.

माप अंदाजपंचे नको. एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा नसेल तर हा उद्योगच करू नकोस. वाट्या-चमच्यांनी साबण होत नसतो. एक किलो निव्वळ ऑलिव्ह तेलाला 128 ग्रॅम कॉस्टिक. यात साधारण पाच टक्के तेल मोकळं राहतं आणि तेच कातडीला सांभाळतं. मी स्वतः सातशे ग्रॅम ऑलिव्ह, दोनशे खोबरेल, शंभर एरंडेल घेते. त्याला 137 ग्रॅम. प्रत्येक तेलाला खार वेगळा लागतो. पूर्ण साबण व्हायला ऑलिव्हला ग्रॅममागे 0.135, खोबरेलाला 0.183, एरंडेलाला 0.128. तेलांचा गुणाकार कर, बेरीज कर आणि आलेल्या आकड्याचे पंच्याण्णव टक्के घे. मोबाइलवर आयते हिशेब मिळतात, तरी एकदा कागदावर करून बघ. घाणा बिघडला की हाच कागद कामाला येतो.

पाणी कॉस्टिकच्या दुप्पट ते सव्वादोनपट. बोअरचं नको. आपल्या काळ्या दगडातलं पाणी चुन्याचं. त्यात खार टाकला की गढूळ होतं. आरओचं घे, नाहीतर जुलैत पत्र्यावरचं पहिलं धुवण वाहून गेल्यावर धरलेलं पावसाचं पाणी गाळून ठेव. नळाचंच वापरायची वेळ आली तर तेलाच्या किलोमागे दहा ग्रॅम लिंबूफूल घाल आणि ते खाऊन टाकतं म्हणून कॉस्टिक सहा ग्रॅम वाढव.

कॉस्टिक कोरडे, सुटे, पांढरे पापुद्रे असलेलं आण. गोळा झालेलं असेल तर त्यानं हवेतलं पाणी प्यायलेलं असतं. तुझा काटा 128 दाखवेल पण खार तेवढा नसेल. नाली साफ करायची पुडी तर मुळीच नको, तिच्यात ॲल्युमिनियमचे कण असू शकतात. त्याच कारणानं ॲल्युमिनियमचं पातेलं नको: खार त्याला खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. लोखंड, तांबं, पितळही नको, त्यांच्यामुळे तेल लवकर खवटतं. स्टीलचं पातेलं, स्टीलचा डाव, आणि ती भांडी परत स्वयंपाकात न्यायची नाहीत.

नेहमी पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी नाही. उलटं केलंस तर ते उसळून तोंडावर येतं. गच्चीवर किंवा मोरीत खिडकी उघडी ठेवून, हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा घालून. पाणी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं आणि वाफ नाकाला झोंबते, तेव्हा तोंड बाजूला. अंगावर उडालं तर व्हिनेगर, लिंबू शोधत बसू नकोस. नळाखाली धर, पंधरा-वीस मिनिटं. डोळ्यात गेलं तर तसंच भरपूर धू आणि धुऊन झालं की थेट दवाखाना. उरलेलं द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधी भरायचं नाही. घरात रांगतं पोर असेल त्या वर्षी विकतचा साबण वापरावा, काही बिघडत नाही.

कुणीतरी सांगेल, कॉस्टिक कशाला, पापडखार घाल नाहीतर धुण्याचा सोडा घाल. त्यांनी तेलाचा साबण होत नाही. राखेच्या खारानं होतो, जुने लोक करतही. पण राखेत पोटॅश, म्हणून साबण लिबलिबीत राहतो, आणि राखेत खार किती हे कोण मोजणार?

तेल आणि खाराचं पाणी दोन्ही कोमट झाली, हाताला पातेलं सोसवेल इतकी, की तेलात पाणी बारीक धारेनं सोड. हँड ब्लेंडर थोडा फिरव, थांब, परत फिरव. पातळ पिठल्यासारखं झालं आणि डावातून सोडलेली धार वर रेघ ठेवून गेली की साच्यात ओत. नुसतं ऑलिव्ह हातानं ढवळायला घेतलंस तर दोन-तीन तास सहज जातात. तेव्हा घाबरून वरून कॉस्टिक टाकू नकोस. बहुतेक घाणे इथेच बिघडवले जातात, आपण होऊन बिघडत नाहीत. पाव तास झाकून ठेव, परत ढवळ. आणि डिसेंबरात सकाळी करत असशील तर फसू नकोस: खोबरेल थंडीनं थिजलं तरी मिश्रण दाट दिसतं, साच्यात गेल्यावर तेल सुटतं. पातेलं गरम पाण्यात ठेवून बघ. पातळ झालं तर ती दाटी खोटी होती.

आता बिघाडाचं. सगळ्यात आधी हे ठरव की साबण बिघडलाय की नुसता कोवळा आहे. ऑलिव्हच्या साबणात चौथ्या दिवशीही बोट रुततं, तो साच्याला चिकटतो, महिन्याभरानं वापरला तर हातात तार धरतो. तो तसाच असतो. साच्यातून आठवड्यानं काढ, वड्या पाड आणि मुरू दे. खोबरेल घातलेला सहा आठवड्यांत बरा होतो. निव्वळ ऑलिव्हला सहा महिने दे, वर्ष दिलंस तर आणखी छान. सीरियातल्या हलबचा साबण महिनोन्‌महिने मुरवतात. पॅलेस्टाईनच्या नाब्लूसमध्ये वड्यांचे आतून पोकळ, माणसापेक्षा उंच मनोरे रचतात, म्हणजे प्रत्येक वडीला वारा लागतो. तू मनोरे रचू नकोस, पण वड्या एकमेकींना चिकटवून डब्यातही कोंबू नकोस. वेताच्या टोपलीत सुट्या ठेव आणि आठवड्यानं पालट. पुढच्या वेळी लवकर घट्ट हवा असेल तर पाणी कमी घे आणि किलोमागे दोन चमचे मीठ, कॉस्टिक टाकायच्या आधी, पाण्यात विरघळव.

वर पांढरी भुकटी आली तर ती हवेशी लागून झालेला धुण्याचा सोडा आहे. ओल्या फडक्यानं पूस. साच्यावर ओतल्याबरोबर प्लॅस्टिक कागद घातलास तर येतच नाही.

पांढरेपणा वडीच्या आत, गाठींचा किंवा ठिसूळ थरांचा असेल तर गोष्ट वेगळी. पाण्यासारखे थेंब सुटले असतील तर त्यांना बोट लावू नकोस, तो खार असू शकतो. गाठी-थेंब नसलेल्या वडीची तपासणी जिभेनं, पण तीन-चार दिवसांनी. ओलं बोट वडीवर घास आणि जिभेच्या टोकाला निसटतं लाव. साबणाची चव लागली तर ठीक. बारीक शॉक बसल्यासारखा चटका बसला तर खार मोकळा आहे. तोंड धू आणि आठवड्यानं परत बघ, कधी कधी मुरता मुरता तो चटका जातो. हळद लावून तपासायचं कुणी सांगेल तर ऐकू नकोस. हळद चांगल्या साबणानंही लाल होते. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावून पाहिलाय ना? त्यावरून खार जास्त की बरोबर, काही कळत नाही.

चटका तीन आठवड्यांनीही राहिला तर कागद काढ. समज, एक किलो ऑलिव्हला 128 ऐवजी 150 ग्रॅम पडलं. किलोला 128 म्हणजे ग्रॅममागे 0.128; दीडशेला 0.128 नं भाग, 1172 येतात. म्हणजे 172 ग्रॅम तेल कमी पडलंय. हातमोजे घालून साबण किसणीवर किस, किलोमागे वाटीभर पाणी घाल, पातेलं दुसऱ्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद शिजव. वितळत आला की तेल घाल आणि तास-दीड तास अधूनमधून ढवळत राहा. मऊ, एकजीव, अर्धपारदर्शक लगदा झाला की जीभ लाव, अर्थात गार करून. मग साच्यात दाबून भर. दिसायला ओबडधोबड होईल, पण साबण चांगला.

उलट झालं, कॉस्टिक 110 च पडलं आणि वडीतून तेल पाझरतंय, तर कमी पडलेले 18 ग्रॅम चाळीस-पन्नास ग्रॅम पाण्यात विरघळवून अशाच शिजत्या लगद्यात घाल. एखादं तेल घालायचंच राहिलं असेल तर तेच तेल घाल, दुसरं नको. साच्यात तेल वेगळं तरंगत असेल तर तेल, पाणी, गोळे सगळं पातेल्यात परत घेऊन शिजव. वरचं तेल ओतून मोकळी होऊ नकोस, तेल ओतलंस की खाली उरतो तो नुसता खार.

आणि कागदच नसेल तर? फ्रान्सच्या मार्सेलमध्ये ऑलिव्हचा साबण शिजवून मिठाच्या पाण्यानं धुतात, तेच कर. किसलेला साबण भरपूर पाण्यात उकळून विरघळव आणि मूठमूठ जाडं मीठ घालत जा, साबण फाटून दह्याच्या चोथ्यागत वर येईपर्यंत. खालचं पाणी जास्तीचा खार घेऊन जातं. त्या पाण्याला हात लावायचा नाही. पुष्कळ पाणी घालून मोरीत सोड, झाडाला नको. वरचा साबण परत एकदा तसाच धू. यात ग्लिसरीनही जातं, साबण रुक्ष होतो. भांडी-कपड्यांना वापर.

पिवळे-नारिंगी ठिपके आणि खवट वास आलेला साबण मात्र दुरुस्त होत नाही. तेल जुनं होतं, जास्तीचं होतं किंवा वड्या दमटीत राहिल्या. शिजवून खवटपणा जात नाही, सगळ्या घाण्यात पसरतो. पायपुसणी धुवायला काढ.

चैत्र-वैशाखात साच्यावर गोधडी घालायची जी रीत लोक सांगतात ती आपल्याकडे चालायची नाही. बेचाळीस अंशांत साबण आधीच तापतो, मधोमध फुगून भेगाळतो, आणि दूध, मध, गूळ घातला असेल तर साच्याबाहेर येतो. असा दिसला की फॅनखाली ठेव. भेगेनं साबण वाईट होत नाही. पावसाळ्यात वड्यांना घाम फुटतो, ते ग्लिसरीन ओल ओढतं म्हणून. पुसू नकोस, वारा दे. माझ्या मते दिवाळी उरकली की लागावं: मिश्र तेलाचा नाथषष्ठीच्या कितीतरी आधी तयार होतो, निव्वळ ऑलिव्हचा पुढच्या अभ्यंगस्नानाला.

वासासाठी लवंगेचं किंवा दालचिनीचं तेल घालू नकोस. मिश्रण डोळ्यांदेखत आवळतं आणि डावाला दगड बसतो. वर ते कातडीलाही झोंबतं. वाळ्याचं घाल. गुलाबाच्या पाकळ्या आठवड्यात तपकिरी होतात, म्हणून नकोतच.

रेशमाचंही विचारलं होतंस. विणायच्या आधी कच्चं रेशीम साबण-सोड्याच्या गरम पाण्यात उकळून त्यावरचा डिंक काढतात. वजनाचा पाव-एक भाग तो डिंकच असतो. युरोपात या कामाला मार्सेलचा ऑलिव्ह साबण नावाजलेला होता. पण तो पुरा झालेला, मोकळा खार नसलेला साबण. रेशीम प्रथिनाचं, मोकळं कॉस्टिक ते विरघळवतं. म्हणून जिभेला चटका देणारी वडी धाग्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही. आणि विणून झालेल्या पैठणीला घरचा काय, कुठलाच साबण लावू नकोस; काठाची जर आणि रंग दोन्ही जातील. ती ड्रायक्लीनला दे.

पैठणी घ्यायला येणाऱ्या बायकांना साबण विकायचा बेत असेल तर थांब. अंगाचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात येतो. विकण्यासाठी बनवायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तोवर घरात वापर, नातेवाइकांना दे, आणि प्रत्येक वडीच्या कागदावर तारीख व तेलांची मापं लिही. म्हणजे कुणी फोन करून ‘आत्या, अंग खाजतंय’ म्हटलं, तर कुठल्या घाण्यातली ते मला सांगता येईल.