भट्टीत जातं ते संपत नाही

छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीवर माझी नोकरी झाली. त्या कामाने जे शिकवलं, ते सांगतो.

१. आगीला धातू संपवता येत नाही. रक्ताने भिजलेला कापूस जळतो, जंतू मरतात. पारा, कॅडमियम, शिसं ही मूलद्रव्यं. ती फक्त जागा बदलतात. पारा ३५७ अंशांना उकळतो, कॅडमियम ७६७ अंशांना, आणि भट्टीच्या दुसऱ्या कक्षात १०५० अंश राखावे लागतात. डायॉक्सिन हे विष नष्ट व्हायला एवढी उष्णता हवीच, पण त्याच उष्णतेत पाऱ्याची वाफ होते आणि ती चिमणीची वाट धरते.

२. म्हणून धातू अडवायचे ते वॉर्डातच. पिवळी पिशवी जाळण्यासाठी असते. तिच्यात फुटलेला थर्मामीटर, साखर तपासायच्या यंत्रातला बटण सेल, दाढेत भरलेली चांदी यातलं काहीही पडता कामा नये. त्या चांदीत जवळपास निम्मा पारा असतो. सलाइनच्या नळ्या न जाळायच्या लाल पिशवीतच टाकाव्यात. त्या बहुधा पीव्हीसीच्या असतात आणि पीव्हीसीत क्लोरीन असतो. शिसं एरवी १७४९ अंशांना उकळतं, क्लोरीनशी संयोग झाला की ९५० अंशांनाच. 'एक नळी इकडची तिकडे गेली तर काय बिघडतं?' असं विचारणाऱ्यांना मी हेच दोन आकडे सांगायचो. आणि शिकवायचं ते आधी वॉर्डातल्या मावशींना आणि मामांना. पिशवीची गाठ तेच बांधतात. कारण नीट सांगितलं की त्यांचं वर्गीकरण डॉक्टरांपेक्षा चोख असतं, हा माझा अनुभव आहे.

३. धूर झपाट्याने थंड केला की शिसं आणि कॅडमियम बारीक धुळीवर बसतात आणि कापडी बॅग फिल्टरमध्ये अडकतात. पारा मात्र वायुरूपातच कापडातून निसटतो. त्याला धरायला धुरात सक्रिय कोळशाची पूड सोडावी लागते. खर्च वाचवायला ही पूड कमी करणं म्हणजे शेजारच्या वस्तीच्या श्वासात पारा सोडणं.

४. चिमणीतून धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ, असं समजू नये. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही. नियमाने एका घनमीटर वायूत ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा चालत नाही, आणि तो मोजायला चिमणीतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पाहणीला येणाऱ्यांनी तो अहवाल मागितलाच पाहिजे.

५. फिल्टरमधली राख घातक कचराच आहे. तिची जागा तळोजा, रांजणगावसारख्या सुरक्षित भूभरावात. खड्डे बुजवायला ती कधीही देऊ नये.

६. फेब्रुवारी २०१८ मध्ये शहराचा कचरा डेपो असलेल्या नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि आपल्या शहरात जागोजागी कचऱ्याचे ढीग पेटले. त्या ढिगांत सेल होते, वायरी होत्या, रंगाचे डबे होते. फिल्टर कुठेच नव्हता. भट्टीवर निदान चिमणी तरी ३० मीटर उंच असते. कोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्याचा धूर मुलांच्या नाकाच्या उंचीवर असतो.

घंटागाडीत जुने सेल, ट्यूबलाइट, फुटलेला थर्मामीटर वेगळ्या पिशवीत द्या, आणि गल्लीत कचरा पेटलेला दिसला तर तो विझवायला लावा.